वाळूजचं पाटी नसलेलं शेड : रोटरी इंजिनाची अडॅप्टर प्लेट बनवून घेतली त्याचा अनुभव

दुकानाचं नाव लिहित नाही कारण नावच नाही. पाटी होती म्हणे आधी, वळवाच्या वादळात पत्र्यासकट उडाली, मग शेडाचे मालक चाचा, त्यांनी परत लावलीच नाही, म्हणले ज्याला यायचं तो येतोच. संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत आतल्या गल्लीत लिंबाखाली शेड आहे, दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक जुनी व्हीएमसी (कंप्युटरवर कापकाम करणारी मशीन) आणि कोपऱ्यात चहाचा स्टो. सगळं कंपन्यांचं जॉबवर्क, बुश, पिना, फिक्श्चर असलं. आपल्यासारख्या एका नगाच्या गिऱ्हाइकाला एमआयडीसीत कुणी उभं करत नाही, हे मी तीन महिने हिंडून शिकलो, आणि यांनी उभं केलं म्हणून लिहायला बसलो.

काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा आतेभाऊ, आमचा दादा, मूळचा बजाजनगरचा, आता ऑकलंडला असतो. त्याच्याकडं १९७३ ची पोर्शे ९१४ आहे. ही गाडी पोर्शे आणि फोक्सवॅगननी मिळून काढली, १९६९ ला फ्रँकफर्टच्या शोमधी आली, १९७६ पर्यंत चालली, दोनच सीट, इंजिन सीटच्या मागं पण मागच्या अॅक्सलच्या पुढं, म्हणजे मिड इंजिन. पुढं एक डिक्की, मागं एक डिक्की, आणि वरचं छत काढून मागच्या डिक्कीत ठेवता येतं. दादाच्या गाडीत १.७ लिटरचं फोक्सवॅगनचं हवेनं गार होणारं चार सिलिंडर इंजिन होतं, ताकद नवी असताना ८० हॉर्सपॉवर, आणि आता तर तेल गळून गळून पार म्हातारं झालेलं. तर या पठ्ठ्यानं ठरवलं की त्यात माझदा आरएक्स-७ चं १३बी रोटरी बसवायचं.

(इथं कुणी करायचं म्हणत असाल तर गाडीचं सोडा. सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगून टाकलंय की कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनमधी फेरफार चालणार नाही, आरटीओवाला दारात उभं करणार नाही. तिकडं न्यूझीलंडमधी एलव्हीव्ही, म्हणजे फेरफार केलेल्या गाडीचं सर्टिफिकेट काढलं की गाडी रीतसर रस्त्यावर येते.)

आता इंजिन माझदाचं, गिअरबॉक्स पोर्शेचा, बोल्टची भोकं कुठून जुळणार. मधी अॅल्युमिनियमची एक जाड प्लेट लागते, एका बाजूनं तिला इंजिन धरतं, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्स. सोयरिकीतल्या मध्यस्थासारखी, दोन्ही घरचं ऐकायचं आणि स्वतः हलायचं नाही. तयार प्लेटा अमेरिकेत मिळतात, पण दादाला एक्झॉस्टला जागा मिळावी म्हणून इंजिन थोडं फिरवून बसवायचं होतं, ते तयार प्लेटीत होईना आणि ऑकलंडमधले मशीनिंगचे भाव ऐकून तो म्हणला, अरे आपलं वाळूज कशाला आहे, तू करून घे. म्हणजे गाडी त्याची, हौस त्याची, आणि उन्हाळ्यात फटफटीवर हिंडायचं मी.

पहिल्यांदा दुसरीकडं गेलतो, ते पण सांगायला पाहिजे. चकाचक शॉप, एसी रिसेप्शन, पोरीनं पाणी दिलं, साहेबांनी ड्रॉइंग मेलवर घेतलं, आठ दिवसात प्लेट तयार, फिनिश तर आरशासारखं. घरी येऊन ड्रॉइंगवर ठेवली आणि पोटात गोळाच आला, सगळी उलटी! म्हणजे आरशात बघितल्यासारखी, डावीकडचं भोक उजवीकडं आणि काउंटरबोअर, म्हणजे बोल्टचं डोकं बुडायची खोलगट भोकं, भलत्याच अंगाला. झालं असं की दादानं ड्रॉइंग थर्ड अँगलमधी काढलेलं (बाजूचं चित्र कोणत्या अंगाला मांडायचं त्याच्या दोन रीती, फर्स्ट आणि थर्ड अँगल), अमेरिकेच्या पद्धतीनं, आणि आपल्याकडं कॉलेजात आयटीआयत सगळे फर्स्ट अँगल शिकतात, त्यांच्या पोरानं बिनधास्त फर्स्ट अँगल समजून वाचलं. कोपऱ्यात कापलेल्या शंकूची ती बारकी खूण असते ना, तीच सांगते कोणता अँगल, तिच्याकडं कुणी बघितलंच नाही. मी विचारलं तर म्हणे तुमचं ड्रॉइंग तुमची जबाबदारी. पैसे गेले ते गेलेच. ती प्लेट आता आईनं तुळशीच्या कुंडीखाली ठेवलीय, कुंडी मात्र एकदम लेव्हलमधी बसलीय.

मग एका टर्नर मित्रानं चाचांकडं पाठवलं. चाचा साठीच्या पुढचे, एका कंपनीत उभी हयात लेथवर घालवून रिटायर झालेले, शेड त्यांचं आणि व्हीएमसी त्यांच्या भागीदाराची, ते भागीदार म्हणजे भाऊ, पैठणकडचे, कमी बोलणारे. मी ड्रॉइंग पुढं केलं तर चाचांनी आधी चष्मा पुसला, मग कोपरा बघितला, आणि पहिला प्रश्न, "ये इंजिन के तरफ से देखा क्या गिअरबॉक्स के तरफ से?" मला तिथंच हायसं वाटलं. त्यांनी मार्कर दिला आणि माझ्याच हातानं कागदावर मोठ्या अक्षरात इंजिन साइड असं लिहून घेतलं, खाली सही पण घेतली माझी, आता लफडं झालं तर तुमचं, असं हसत म्हणले.

दुसरा प्रश्न, इंजिन कसलं. मी सांगितलं पिस्टन नाही, वॉल्व्ह नाही, तर चाचांना वाटलं मी टिंगल करतोय. मग मी समजावलं, शेंगदाण्याच्या टरफलासारखी पोकळी समजा, मधी जरा दबलेली, त्यात समोसा फिरतोय, तीन कोन तीनही भिंतीला टेकलेले, फिरता फिरता समोसा आणि भिंत यांच्यातली जागा कमी-जास्त होते, त्यातच हवा ओढायची, दाबायची, पेटवायची, बाहेर फेकायची, आणि समोसा एक फेरा मारतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. असे दोन समोसे, एकेकाचे ६५४ सीसी, मिळून १३०८. चाचा गप्प ऐकत होते, हातातला चहा गार झाला, आणि मग म्हणले, "और समोसे के कोने घिसते नई क्या?"

मी खुर्चीत मागं टेकलो हो. अख्ख्या रोटरीची दुखरी नस त्या माणसानं एका प्रश्नात पकडली. जर्मनीत फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीनं इंजिन काढलं, १९६७ ला आरओ ८० नावाची गाडी आणली, आणि त्या कोपऱ्यांच्या सील झिजून झिजून कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलत बसली, शेवटी १९६९ ला फोक्सवॅगनच्या घरात गेली. म्हणजे बघा, ज्या वर्षी फोक्सवॅगननं पोर्शेबरोबर ही ९१४ आणली त्याच वर्षी रोटरीवाली एनएसयू पण त्यांच्याच पदरात आली, पण ९१४ मधी रोटरी बसवायचं वेड पन्नास वर्षांनी आमच्या दादाच्या डोक्यात शिरलं. तिकडं जपानात माझदाच्या इंजिनिअरांना आतल्या भिंतीवर ओरखडे दिसायचे, ते त्यांना सैतानाची नखं म्हणायचे, त्यावर तोडगा काढूनच १९६७ ला कॉस्मो बाजारात आणली. हे सगळं मी चाचांना सांगितलं, आणि वर हेही की १९९१ ला चार रोटरची माझदा ल मांची २४ तासांची रेस जिंकली. चाचा म्हणले, "एकीच बार?" एकदाच, काय करणार.

मिड इंजिन म्हणजे काय ते समजवायला मात्र काही लागलं नाही. वाळूजमधी मागं इंजिन म्हटलं की रिक्षा, बजाजनं गावाला शिकवून ठेवलंय. फक्त रिक्षा हवेवर गार होते तशीच ९१४ पण व्हायची, आणि रोटरीला पाणी लागतं आणि तेही भरपूर, कारण हे इंजिन तापतं लई, एक्झॉस्ट तर भट्टीच. म्हणून दादाला पुढच्या डिक्कीत रेडिएटर बसवून फ्लोअरच्या खालून मागंपर्यंत पाइप न्यावे लागले. तो भाग त्यानं तिकडंच केला.

आता सर्व्हिसचं. भाव असा ठरला, प्लेट १४,५००, इंजिन खालून धरायच्या आडव्या दांडीचे दोन ब्रॅकेट ३,८००, आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं तो फॉस्फर ब्राँझचा बुश ९००. माल ६०६१ टी६ जातीच्या अॅल्युमिनियमचा, २५ एमएमचा, तो मी वेगळा आणून दिला. सोबत फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकाचं, ड्रॉइंग पण दिलं होतं, त्यावर चाचांनी विचारलं आरपीएम किती. मी म्हटलं सात-साडेसात हजार. त्यांनी कागद घडी करून परत दिला. म्हणले, "नक्को. फटा तो आदमी मरता." त्यांच्याकडं बॅलन्सिंग मशीन नाही, आणि रोटरीच्या फ्लायव्हीलमधी नुसतं चाक नसतं, त्यावर काउंटरवेट, तोल सांभाळणारं वजन, पण असतं, ते चुकलं तर इंजिन थरथरून स्वतःलाच खाऊन टाकतं. दहा-बारा हजाराचं काम त्यांनी हातानं सोडलं. शेवटी दादानं ते अमेरिकेतून तयार घेतलं, ऑटोमॅटिक मॉडेलचं काउंटरवेट आणि त्यावर हलकं फ्लायव्हील, आणि तिकडच्या शॉपवाल्यानंही हेच सांगितलं असतं म्हणला.

प्लेट कापायच्या आधी त्यांनी एक हट्ट धरला, आधी २ एमएम पत्र्यात लेझरवर टेम्प्लेट कापायची, ऑकलंडला पाठवायची, दादानं इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर लावून बघायची, मगच पुढं. मला वाटलं उगं वेळखाऊपणा, पीडीएफ प्रिंट काढून बघ ना, तर भाऊ पहिल्यांदा बोलले, कागद दमट हवेत ताणतो. पाठवली. दोन भोकं एक-दीड एमएमनी सरकलेली निघाली, दादानंच माप चुकीचं घेतलेलं! १४,५०० ची प्लेट कुंडीखाली जायची ती वाचली.

खरी गंमत बोअरची. प्लेटच्या मधल्या मोठ्या गोलाचा आणि इंजिनाच्या शाफ्टचा सेंटर एकच पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट वाकड्यात फिरतो, क्लच नीट सुटत नाही, बेअरिंग जातं. मे महिना, पत्र्याचं शेड, दुपारी आत ४२-४३. मी म्हटलं आज फिनिश मारून टाका. चाचांनी प्लेटीवर हात ठेवायला लावला, चटका बसला. अॅल्युमिनियम फुगतं, २५० एमएमच्या मापाला २० डिग्रीच्या फरकानं साधारण ०.११ एमएम, मोजायचं स्टीलचं हत्यार पण फुगतं पण ते निम्म्यानंच, म्हणून दुपारचं माप खोटं येतं. जगभर माप २० डिग्रीवर धरायचं असा नियम आहे, आणि मराठवाड्यात मे महिन्यात २० डिग्री फक्त फ्रीजमधी. चाचांचा उपाय सोपा, रफ दिवसा मारायचं, प्लेट रात्रभर मशीनच्या टेबलावरच ठेवायची, फिनिश पहाटे.

त्या पहाटे मी मुद्दाम गेलो. साडेपाच, रस्त्यावर शिफ्टच्या बसा नुसत्या, शेडात एकच ट्यूब चालू. चाचांनी स्पिंडलला डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापाचं घड्याळ) लावला, डायलचं बोट बोअरच्या आतल्या भिंतीला टेकवलं आणि हातानं स्पिंडल हळूहळू फिरवला, काटा दोन रेघा इकडं, दोन रेघा तिकडं. क्लॅम्प जरा ढिला केला, पितळी हातोडीनं प्लेटीला टिचकी मारावी तसं एकदा टक् केलं, परत फिरवला, काटा थांबला तो थांबलाच. मग भाऊंनी कूलंट सोडला आणि शेवटचा ०.२ चा कट मारला, अॅल्युमिनियमचा भुसा पण कसा, केसासारखा लांब. कूलंटचा तो आंबूस वास, स्टोवर उकळलेला आल्याचा चहा, आणि बाहेर जोगेश्वरीकडून कोंबडा. त्यानंतर तीन दिवस मी ऑफिसात सगळ्यांना डायलचीच गोष्ट सांगत होतो, बायको वैतागली.

आणि शेवटची अक्कल तर दादालाही सुचली नव्हती. डॉवेल पिना, म्हणजे प्लेट नेमक्या जागी धरणाऱ्या पिना, त्यांची भोकं चाचांनी मुद्दाम अर्धा एमएम लहान ठेवली. म्हणले हितं बसून मला तुमच्या इंजिनाचा सेंटर दिसत नाही, तिकडं प्लेट ढिली लावा, फ्लायव्हीलवर डायल बांधा, इंजिन हातानं फिरवून सेंटर काढा, मग बोल्ट आवळा आणि जागेवर रिमर (भोक नेमक्या मापाला वाढवायचं हत्यार) मारून पिना ठोका. दादानं तसंच केलं, पहिल्यांदा डायलवर ०.३१ एमएमचा फरक आला, सरकवत सरकवत ०.०८ वर आणला. पिना आधीच फुल साइझला मारल्या असत्या तर तो ०.३१ कायमचा बसला असता.

आता तक्रारी, कारण सगळं गोडगोड लिहिलं तर तुम्हाला वाटंल चाचा माझे सासरे आहेत. एक, वेळ. दहा दिवस म्हणले, साडेपाच आठवडे लागले. कंपनीचा जॉब आला की आपलं काम बाजूला, फोन केला तर उचलत नाहीत, उचलला तर "हौ, होरा, कल आव". कल गेलं की परत कल. मधी आषाढी आली, वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात ही गर्दी, रस्ते बंद, त्यात आणखी चार दिवस गेले. दोन, मागच्या अंगाला कटरच्या रेघा तशाच ठेवल्यात, कामाला अडत नाही पण पहिल्या शॉपचं फिनिश बघितलं होतं म्हणून डोळ्याला खुपतात. तीन, अॅनोडायझिंग, म्हणजे अॅल्युमिनियमवर रंगीत थर चढवायचं काम, बाहेर पाठवलं, काळं सांगितलं होतं, आलं जांभळट, वांग्यासारखं. चाचा म्हणले इंजिन के नीचे कौन देखता. दादाला आवडलं उलट, म्हणून मी गप्प बसलो.

चौथी तक्रार पॅकिंगची आणि ती मोठी आहे. मी घ्यायला गेलो तर प्लेट पेपरात गुंडाळून, भुसा भरून, जुन्या पॅलेटच्या फळ्यांच्या खोक्यात ठोकून तयार. मोठ्या प्रेमानं केलेलं. पण न्यूझीलंडला असलं काही चालत नाही, भुसा-कडबा तर नाहीच आणि ट्रीटमेंट न केलेली कच्ची लाकडी फळी पण नाही, बायोसिक्युरिटीवाले बंदरावरच अडवतात. प्लायवूड चालतं. मग मीच प्लायचं खोकं करून घेतलं, आत फोम टाकला, ६५० वरून गेले. बाहेर पाठवायचं असेल तर पॅकिंग त्यांच्यावर सोडूच नका.

गाडी चालू झाली त्या दिवशी दादानं व्हिडिओ कॉल लावला, मी मुद्दाम शेडात जाऊन बसलो होतो. आधी चार-पाच वेळा नुसतं फिरलं, मग धूर, मग तो आवाज, रोटरीचा आयडलचा आवाज म्हणजे जात्यात लाह्या फुटाव्यात तसा, ब्रॅप ब्रॅप ब्रॅप, लेथवरची पोरं काम सोडून गोळा झाली. निळसर धूर बघून भाऊ म्हणले तेल जळतंय की ओ. जळतंच, रोटरीत मुद्दाम थोडं तेल आत सोडतात, त्या समोशाच्या कोपऱ्यांना ओलं ठेवायला. मग दादानं क्लच दाबून गिअर टाकला, खर्र झालं नाही, सोडला, गाडी जरा पुढं सरकली. चाचांनी फोन कानाजवळ नेला, गाडी बघायला नाही, ऐकायला. अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणले, "बेअरिंग की आवाज नई. ठीक है." आणि लेथकडं गेले.

पाचपैकी चार देईन, अर्धा पॅकिंगचा कापला, अर्धा "कल आव" चा.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी चाचा नमाज आणि जेवण करून आडवे होतात. ड्रॉइंग पेन ड्राइव्हमधी नेऊ नका, मोठ्या कागदावर प्रिंट न्या, आणि कोणत्या बाजूनं बघितलंय ते आधीच लिहून न्या. अॅडव्हान्स निम्मा घेतात, रोख किंवा फोनवर दोन्ही चालतं, बिल पाहिजे असेल तर भाऊंना आधी सांगा, ते नंतर मागितलं की आठ दिवस जातात. गाडी लिंबाखाली लावू नका, चिकट होते.